रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू: हौद, गच्चीची टाकी आणि मोटर – सेन्सर, रिले आणि एसडी कार्डाचे प्रश्न (फोरमवरची चर्चा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

गच्ची

दुमजली घर आहे. खाली ५,००० लिटरचा आरसीसी हौद, गच्चीवर १,००० लिटरची काळी प्लास्टिकची टाकी. हौदाशेजारी १ एचपीची सिंगल फेज मोनोब्लॉक मोटर. नळाला पाणी सकाळी तासभर येतं, आणि वीज कधीही जाते. दोन्हीकडची पातळी फोनवर दिसावी आणि टाकी उतरली की मोटर आपोआप चालू व्हावी, एवढीच अपेक्षा.

हाताशी असलेलं सामान: रास्पबेरी पाय झीरो टू डब्ल्यू (वाय-फाय असलेला छोटा कॉम्प्युटर बोर्ड, पुढे नुसतं 'पाय'), १६ जीबी कार्ड, जेएसएन-एसआर०४टी हे वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर (ध्वनी पाठवून परत येणाऱ्या इकोवरून अंतर मोजणारे) दोन, आणि ५ व्होल्टचं चार चॅनेलचं रिले मॉड्यूल (रिले म्हणजे छोट्या सिग्नलवर चालणारा स्विच; त्यावर १० अँपिअर छापलंय). पाय मोटरजवळ भिंतीवर बसवायचा आहे. तिथून गच्चीची टाकी केबलने साधारण १२ मीटर.

१) सेन्सरची तार १२ मीटर ओढली तर चालेल का?
२) रिलेवरून मोटर थेट चालवता येईल का? करंट ६-७ अँपिअरच आहे.
३) वीज गेल्यावर कार्ड खराब होतं असं सगळीकडे वाचतो. नेमका उपाय काय?

तांब्याची तार

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण धोका तिथे आहे. थेट चालवू नका. ६-७ अँपिअर हा मोटर फिरू लागल्यानंतरचा करंट. सुरू होताना काही क्षण तो चार-पाच पट जातो, आणि रिलेवरचा १० अँपिअरचा आकडा हीटरसारख्या साध्या लोडसाठी असतो. मोटरच्या लोडवर त्या छोट्या रिलेचे काँटॅक्ट कधीतरी चिकटतात. चिकटले की पाय 'बंद' म्हणत राहतो आणि मोटर चालूच राहते.

मधे काँटॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा, मोटरसाठीचा दणकट स्विच) घाला. एसी-३ रेटिंगचा (म्हणजे मोटरच्या लोडसाठीचा) १२ अँपिअरचा, पण कॉइल २३० व्होल्टची न घेता २४ व्होल्ट डीसीची घ्या. सोबत २४ व्होल्ट १ अँपिअरचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). फेज आणि न्यूट्रल दोन्ही काँटॅक्टरमधून तोडा. पुढे ओव्हरलोड रिले (करंट जास्त वाढला की मोटर तोडणारा) लावून मोटरच्या पाटीवरच्या करंटला सेट करा. ओव्हरलोड रिले तीन पोलचा असतो. सिंगल फेजवर एकच पोल वापरला तर तो 'फेज गेला' असं समजून ट्रिप होऊ शकतो, म्हणून तार तिन्ही पोलमधून फिरवून घ्यायची.

२४ व्होल्टचा आग्रह का, तर कॉइलच्या सर्किटमध्ये सगळी सुरक्षा सिरीजमध्ये घालता येते: पायच्या रिलेचा एनओ (एरवी उघडा असणारा) काँटॅक्ट, हौदातला फ्लोट स्विच, गच्चीच्या टाकीतला फ्लोट स्विच. तिन्ही जुळले तरच कॉइल ओढणार. हौद रिकामा झाला, टाकी भरली किंवा उंदराने तार तोडली, तर मोटर बंदच पडेल; पाय रिले चालू ठेवून हँग झाला तरी फ्लोट तिला थांबवतील. मोटर वाचवायचं काम प्रोग्रॅमवर सोडायचं नाही. पायने फक्त 'आता चालू करायला हरकत नाही' एवढं सांगायचं. शिवाय गच्चीपर्यंत आणि पाण्यात २३० व्होल्टची तार न्यावी लागत नाही.

केबल फ्लोटला बहुतेक वेळा तीन तारा असतात. हौदात फ्लोट वर असताना जुळणारी जोडी वापरा, गच्चीवर फ्लोट खाली असताना जुळणारी. तारांच्या रंगावर जाऊ नका. फ्लोट हातात धरून वर-खाली करा आणि मल्टिमीटरच्या बीपवर खात्री करा. हौदातला फ्लोट अशा उंचीवर बांधा की फूट व्हॉल्व्हच्या (सक्शन पाइपच्या खालच्या टोकाचा) वर निदान वीतभर पाणी असतानाच तो तुटेल.

कॉइलवर उलट्या दिशेने १एन४००७ डायोड हवाच (पट्टी प्लसकडे). तो नसेल तर कॉइल सोडताना उठणारा झटका रिलेचे काँटॅक्ट खातो आणि कधी पायही रीसेट करतो. घरच्यांसाठी 'ऑटो-बंद-मॅन्युअल' असा तीन पोझिशनचा स्विच ठेवा. मॅन्युअलला फक्त पायचा रिले बायपास व्हावा, फ्लोट नाहीत.

एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा) आणि मोटरच्या बॉडीला अर्थिंग, हे तिन्ही हवंच. २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. २४ आणि ५ व्होल्टचं काम तुमचं.

३.३ व्होल्ट

वरच्याशी पूर्ण सहमत. रिले मॉड्यूल आणि सेन्सरबद्दल सांगतो.

तुमचं मॉड्यूल बहुधा 'लो' वर (इनपुट शून्य व्होल्टला गेला की) चालणारं, ऑप्टोकपलरवालं (सिग्नल प्रकाशातून पुढे देणारं) असेल. त्याला ५ व्होल्ट देऊन इनपुट पायला जोडलं की नेहमीचा घोळ होतो: पाय 'हाय' म्हणून ३.३ व्होल्टच देतो, उरलेले १.७ व्होल्ट ऑप्टोच्या एलईडीवर राहतात आणि रिले कधी सुटतो, कधी सुटत नाही. मॉड्यूलवर जेडी-व्हीसीसी आणि व्हीसीसी यांच्यात जम्पर असतो, तो काढा. जेडी-व्हीसीसीला ५ व्होल्ट, व्हीसीसीला पायचे ३.३ व्होल्ट. झालं. पिन निवडताना लक्षात ठेवा, जीपीआयओ (पायच्या सिग्नलच्या पिना) ० ते ८ बूट होताना आतून वर ओढलेल्या असतात, ९ ते २७ खाली. 'लो' वर चालणाऱ्या रिलेसाठी ५ किंवा ६ घ्या, म्हणजे बूट होताना रिले टिकटिकणार नाही.

सेन्सरची तार १२ मीटर ओढू नका. सेन्सरच्या बोर्डपासून त्याच्या गोल डोळ्यापर्यंतची मूळ केबल वाढवली तर इको इतका क्षीण असतो की नॉइजमध्ये हरवतो. बोर्ड गच्चीवर ठेवून फक्त सिग्नल खाली आणला, तरी गच्चीवरून आलेली लांब तार थेट जीपीआयओला जोडली जाते. पावसाळ्यात विजा चमकतात तेव्हा त्या तारेत येणारा झटका पायला पुरेसा असतो. गच्चीवर ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) बसवा, जिन्याच्या खोलीतल्या सॉकेटवरून त्याला वीज द्या आणि पातळी वाय-फायवरून पाठवा. फ्लोटची तार खाली येईल, पण ती २४ व्होल्टच्या सर्किटमध्येच संपते, पायला शिवत नाही.

खालूनच वीज न्यायची असेल तर ५ व्होल्ट नेऊ नका. कॅट-६ च्या एका जोडीचा जाऊन-येऊन १२ मीटरला रोध साधारण २ ओहम. वाय-फाय पाठवताना ईएसपी३२ क्षणभर ४०० मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे ०.८ व्होल्ट वाटेतच जातात आणि तो रीसेट होत राहतो. १२ व्होल्ट वर न्या आणि तिथे बक कन्व्हर्टरने ५ करा.

सेन्सरला ५ व्होल्ट दिले की इकोही ५ व्होल्टचा येतो. पाय आणि ईएसपी३२ दोघांच्या पिना ३.३ च्या. १ किलोओहम आणि २ किलोओहमचा डिव्हायडर लावा. इको १ किलोमधून पिनला, पिनपासून ग्राउंडला २ किलो. ट्रिगरला काही लागत नाही. पल्स १० ऐवजी २० मायक्रोसेकंद ठेवा, काही बोर्ड १० ला उत्तर देत नाहीत.

आता खरी अडचण. या सेन्सरला जवळचे २०-२५ सेंटिमीटर दिसत नाहीत. झाकणाला भोक पाडून बसवला तर टाकी भरत आली की आकडे भलतेच येतात, आणि नेमकं तेव्हाच ते बरोबर हवे असतात. ११० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा ३० सेंटिमीटर तुकडा झाकणावर उभा करा, वर एंड कॅप, कॅपच्या मधोमध सेन्सर. पाइपच्या खालच्या कडेचा करकरीतपणा कानशीने घालवा, नाहीतर त्या कडेवरूनच इको येतो. सेन्सर सरळ खाली बघत असला पाहिजे, आणि पाण्याची धार किंवा बॉल व्हॉल्व्ह त्याच्या नजरेत येता कामा नये.

एका रीडिंगवर विश्वास नको. सात घ्या, दोन रीडिंगमध्ये ६० मिलिसेकंद थांबा आणि मधलं धरा. सरासरी नको, एक चुकार आकडा सरासरी बिघडवतो. तापमानही जमेला धरा. २० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना ३५५. मे महिन्यात काळ्या टाकीतली हवा तापलेली असते, दीड मीटरला पाचेक सेंटिमीटरचा फरक पडतो. डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर टाकीच्या आत हवेत लटकवला की हिशोब जमतो.

हौदाचा सेन्सर पायला थेट जोडलात तर पायथॉनमधून वेळ मोजताना लिनक्स मधेच दुसरं काम करायला जातो. १०० मायक्रोसेकंद चुकले की १.७ सेंटिमीटर चुकतात. झीरो टू डब्ल्यूवर पिगपिओ डेमन (मागे चालणारा प्रोग्रॅम) वापरा, तो डीएमएने, म्हणजे प्रोसेसरवर न विसंबता हार्डवेअरकडून, वेळ मोजतो. (पाय ५ वर पिगपिओ चालत नाही.)

गच्ची

फार उपयोगी. हौद दीड मीटर खोल आहे, झाकण लोखंडी, आत कायम दमट. तिथे अल्ट्रासॉनिक टिकेल का? आणि काँटॅक्टर लावल्यावर पायच्या प्रोग्रॅममध्ये आणखी काय बघायचं?

खोली मोजा

दमट हौदात अल्ट्रासॉनिक लावूच नये, या मताचा मी आहे. सेन्सरच्या डोळ्यावर दव धरतं, एक थेंब लोंबला की रीडिंग २२-२३ सेंटिमीटरवर अडकतं आणि हौद भरलेला दिसतो. पुसलं की दोन दिवस बरं चालतं.

हायड्रोस्टॅटिक लेव्हल ट्रान्समीटर (पाण्याच्या दाबावरून पातळी सांगणारा) घ्या. स्टीलचा नळकांड्यासारखा असतो, हौदाच्या तळाशी सोडायचा. ४-२० मिलिअँपिअर, दोन तारांचा, ०-२ मीटर रेंजचा. अल्ट्रासॉनिकच्या कैक पट महाग, पण दव, कोळ्याची जाळी, फेस यांचा त्याला फरक पडत नाही. तुमच्याकडे काँटॅक्टरसाठी २४ व्होल्ट येणारच आहेत, तेच याला चालतात.

पायला अ‍ॅनालॉग इनपुट नाही, म्हणून व्होल्टेजचा आकडा करून देणारं एडीएस१११५ मॉड्यूल लागेल. ते ३.३ व्होल्टवर चालवा आणि पायच्या आयटूसी पिनांना जोडा. ट्रान्समीटरच्या परतीच्या तारेत १५० ओहमचा १ टक्क्याचा रेझिस्टर ग्राउंडला घाला आणि त्याच्यावरचं व्होल्टेज मोजा: ४ मिलिअँपिअरला ०.६, २० ला ३.० व्होल्ट. ०-२ मीटरच्या ट्रान्समीटरला दर सेंटिमीटरला १२ मिलिव्होल्ट पडतात. ०.५ व्होल्टच्या खाली आलं तर तार तुटली असं समजून मोटर थांबवायची. अल्ट्रासॉनिकमध्ये 'रिकामं' आणि 'बिघडलं' यातला फरक असा सरळ कळत नाही.

त्याच्या केबलमध्ये एक बारीक हवेची नळी असते. बाहेरच्या हवेचा दाब तिच्यातून पोचतो, तिचं टोक सिलिकॉनने बुजवू नका. टोक कोरड्या डब्यात उघडं ठेवा, नाहीतर हवामान बदललं की पातळी बदललेली दिसते. तळाला गाळ असेल तर ट्रान्समीटर १० सेंटिमीटर वर लटकवा आणि तेवढे हिशोबात मिळवा.

तांब्याची तार

प्रोग्रॅमचं सांगतो. गच्चीची टाकी ३० टक्क्यांवर उतरली की मोटर चालू, ९० ला बंद. मधे अंतर नसेल तर लाटेवर मोटर चालू-बंद होत राहते. गच्चीचा फ्लोट ९५ टक्क्यांच्या आसपास तुटेल असा बांधा, म्हणजे तो रोजच्या वापरात येणारच नाही. मोटर सुरू झाल्यावर ४ मिनिटांत टाकी ३ सेंटिमीटरही चढली नाही तर बंद करा आणि फोनवर कळवा. फूट व्हॉल्व्ह गळून प्राइमिंग (मोटर आणि सक्शन पाइपमध्ये भरून राहिलेलं पाणी) गेलेलं असेल तर हौद भरलेला असूनही मोटर कोरडी फिरते, आणि ते कुठलाही फ्लोट पकडत नाही. टाकी भरायला लागणारा वेळ एकदा मोजा, त्याच्या दीडपट झाला की काहीही असो, बंद. टाकीचा व्यास १.१ मीटर धरला तर १ सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेनऊ लिटर.

वीज परत आल्यावर ३ मिनिटं थांबून मगच मोटर. आल्या आल्या व्होल्टेज बरेचदा पडलेलं असतं.

रीड ओन्ली

कार्डाचं. बिघाडाची कारणं दोन: लिहीत असतानाच वीज जाणं, आणि कमी व्होल्टेज. दुसरं कुणी तपासत नाही. टर्मिनलवर 'व्हीसीजेनसीएमडी' ला 'गेट थ्रॉटल्ड' विचारा (vcgencmd get_throttled), शून्याशिवाय काही आलं तर आधी अ‍ॅडॉप्टर आणि मायक्रो यूएसबी केबल बदला. झीरो टू डब्ल्यूला ५ व्होल्ट २.५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर हवा. मोबाइल चार्जरच्या बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं.

सगळं नीट चालू लागलं की 'रास्पी-कॉन्फिग' या पायच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये परफॉर्मन्स ऑप्शन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, बूट पार्टिशनही रीड ओन्ली. मग सगळं लिखाण रॅममध्ये होतं, कार्डाला हात लागत नाही. बदल करायचा तर ओव्हरले बंद, रीबूट, बदल, पुन्हा चालू. हे विसरून केलेला बदल रीबूटनंतर गायब होतो. पातळीचा इतिहास ठेवायचा असेल तर तो वेगळ्या पेन ड्राइव्हवर तासाला एकदाच लिहा. कार्ड हाय एन्ड्युरन्स घ्या, आणि एफ३ या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रॅमने तपासा: नकली कार्डावर १६ लिहिलेलं असतं आणि आत निम्मंही नसतं.

५ व्होल्टचा आउटपुट असलेला राउटरचा मिनी यूपीएस झीरो टू डब्ल्यूला पुरतो. पॉवर बँक नको, वीज जाता-येता बऱ्याच पॉवर बँका क्षणभर आउटपुट तोडतात.

झीरो टू डब्ल्यूमध्ये घड्याळ नाही. वीज आल्यावर इंटरनेट यायच्या आत त्याला जुनीच वेळ वाटते, म्हणून 'सकाळी ६ ला' असे नियम एकट्या वेळेवर टाकू नका. डीएस३२३१ हे सेलवर चालणारं घड्याळाचं मॉड्यूल लावा. त्या स्वस्त मॉड्यूलवर चार्जिंगचं सर्किट असतं, साधा सीआर२०३२ सेल घालणार असाल तर त्यातला डायोड किंवा २०० ओहमचा रेझिस्टर आधी काढा. न चार्ज होणारा सेल चार्ज केला तर फुगतो.

३.३ व्होल्ट

ईएसपी३२ आणि पाय यांच्यात एमक्यूटीटी (छोटे मेसेज पाठवायची पद्धत) वापरणार असाल तर दोन गोष्टी. मॉस्किटो हा ब्रोकर (मेसेज घेऊन पुढे वाटणारा प्रोग्रॅम) २.० पासून आपणहून फक्त त्याच मशीनवरचे जोड घेतो, म्हणून ईएसपी३२ ला 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. कॉन्फिग फाइलमध्ये 'लिसनर १८८३' आणि पासवर्ड फाइलची ओळ घाला. अ‍ॅनॉनिमस उघडं ठेवू नका, शेवटी मोटर त्याच्यावर आहे.

दुसरं, मोटर चालू करायचा मेसेज 'रिटेन' (ब्रोकरकडे साठवून ठेवायचा) करू नका. रिटेन केला तर वीज जाऊन आल्यावर पाय जोडला जाताच तोच जुना 'चालू' त्याला पुन्हा मिळतो. पातळीचा मेसेज रिटेन केला तरी चालेल, पण सोबत वेळ पाठवा, आणि ५ मिनिटांहून जुनी पातळी पायने धरू नये. ईएसपी३२ ला 'लास्ट विल' द्या, म्हणजे तो गेला की ब्रोकर स्वतः 'ऑफलाइन' कळवतो. आणि राउटरवर २.४ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं ठेवा. ईएसपी३२ आणि झीरो टू डब्ल्यू दोघांनाही ५ गिगाहर्ट्झ दिसत नाही. पायचा डबा प्लास्टिकचा घ्या, लोखंडी पॅनेलमध्ये वाय-फाय मरतं.