मदत हवी आहे: तिसरा इंजेक्टर (सिलेंडरमध्ये डिझेल फवारणारा) गेलाय, एकच बदलू की चारही?

गाडी २०१४ ची, १.३ लिटर कॉमन रेल डिझेल. सकाळी थंड असताना बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, आयडलला टकटक आणि थरथर. कात्रजचा घाट चढताना काळा धूर. इंजिन तापलं की बरीच शांत होते.

डिझेल फिल्टर, एअर फिल्टर नवे. ग्लो प्लग ठीक, कॉम्प्रेशन चारही सिलेंडरला सारखं. रिटर्न लाइनला (इंजेक्टरमधून परत जाणाऱ्या डिझेलच्या नळ्या) बाटल्या लावल्या तर तिसऱ्याची बाटली इतरांच्या दुपटीहून जास्त भरते. स्कॅनरवर करेक्शनही (इंजिन सम चालावं म्हणून डिझेल कमी-जास्त करणं) त्याचंच सर्वात जास्त. (इंजेक्टर क्लीनर सुचवू नका, टाकून झालंय.)

गॅरेजवाला म्हणतो चारही नवे टाका. भोसरीतला डिझेल पंप-इंजेक्टर रिपेअरवाला म्हणतो तिसरा रिपेअर करतो, ईसीयूमध्ये (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टरचा कोड टाकायची गरज नाही. हे कोड न टाकण्याचं तर मला अजिबात पटत नाही. गाडी रोज चाकणला लागते, त्यामुळे दोन दिवसांहून जास्त उभी ठेवता येणार नाही.

एकच बदलला तर बाकीचे तीन मागोमाग जातात का? इंजेक्टरखालचे कॉपर वॉशर चारही बदलून घेऊ ना? आणि टेस्ट बेंचचा (इंजेक्टर तपासायचं मशीन) रिपोर्ट हातात देऊन कोडिंगही करून देणारं कुणी पुणे-पिंपरीत माहीत आहे का?