सावकाश जेवल्याने वजन खरंच उतरतं का?

घाईची_गाडी
मी वॉर्डात नर्स आहे. आमचं जेवण म्हणजे एक सलाईन संपून दुसरं लागेपर्यंत मिळालेली फट. डबा उघडला की काही मिनिटांत चाटूनपुसून साफ. पण सुट्टीच्या दिवशी घरीही तेच! बाकीच्यांचं निम्मं ताट व्हायचं असतं आणि मी हात धुऊन मोकळी. वजन काही वर्षांपासून गुपचूप चढतंय. आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, खाणं तसं बरं आहे, आधी वेग कमी करा.

‘प्रत्येक घास बत्तीस वेळा चावा’ हे लहानपणापासून ऐकतेय. करून बघितलं, तर निम्म्यातच तोंडात काही उरत नाही, पुढे नुसतेच दात वाजवायचे. वेग कमी केल्याने वजन उतरतं हे कितपत खरं? आणि ज्यांना बसायलाच जेमतेम वीस मिनिटं मिळतात त्यांनी काय करावं? ‘मन लावून जेवा’ छाप सल्ले कृपया नकोत, ते पाठ आहेत.

अर्धविराम
चावणं मोजायच्या खुळावरून आठवलं. अमेरिकेत हॉरेस फ्लेचर (१८४९–१९१९) नावाचा गृहस्थ होऊन गेला. वजनामुळे याला आयुर्विमा नाकारला, तेव्हा यानं घासाचं पार पाणी होईपर्यंत चावायला सुरुवात केली. जे पातळ होणार नाही ते थुंकून टाकायचं, आणि दूधसुद्धा तोंडात घोळवल्याशिवाय गिळायचं नाही! त्याचं वजन उतरलं आणि लोक मागे लागले. अशा माणसाच्या पंगतीला कोण बसत असेल देव जाणे. तेव्हा ताई, मोजणी सोडा.

जठराग्नी
घाईताई, तुमच्या क्षेत्रातलंच आहे, तरी इतरांसाठी लिहितो. पोट ताणलं गेल्याचा निरोप व्हेगस नर्व्हमार्फत मेंदूकडे जातो. अन्न पुढे लहान आतड्यात उतरायला लागलं की सीसीके, जीएलपी-१, पीवायवाय ही संप्रेरकं वाढतात आणि ‘पुरे’ ही भावना पक्की होते. याला वेळ लागतो. वीस मिनिटं हा ढोबळ अंदाज, घड्याळ लावून घंटा वाजत नाही. २०१० च्या एका प्रयोगात १७ निरोगी पुरुषांना ३०० मिली आइस्क्रीम एकदा ५ मिनिटांत आणि एकदा ३० मिनिटांत खायला लावलं. सावकाश खाल्लं तेव्हा पीवायवाय आणि जीएलपी-१ जास्त वाढले.

पण माझ्या मते याहून कामाचा निष्कर्ष वेगळाच आहे. २०१४ साली असे अनेक प्रयोग एकत्र तपासले गेले. सावकाश जेवणाऱ्यांच्या पोटात कॅलरी कमी गेल्या, आणि तरी नंतर त्यांना जास्त भूक लागली असं दिसलं नाही. म्हणजे कमी खाऊन कुढत बसायची वेळ आली नाही.

वजनाचं म्हणाल तर जपानमध्ये मधुमेह असलेल्या सुमारे ६०,००० लोकांच्या नोंदी तपासल्या होत्या. सावकाश जेवणाऱ्यांत लठ्ठपणा कमी आढळला. फक्त यात वेग ज्याचा त्याने सांगितलेला आहे आणि हे निरीक्षण आहे, तेव्हा वेगामुळेच फरक पडला असं छातीठोक म्हणता येत नाही.

उगाचच
मी जन्माचा गोगलगाय. माझं जेवण संपायची वाट बघून घरचे ओटा आवरायला घेतात. वजन? विचारू नका. तेव्हा हे सगळं थोतांड आहे असं नम्र मत.

जठराग्नी
@उगाचच, तुम्ही सावकाश जेवता, पण थांबता का? गप्पा मारत किंवा टीव्हीसमोर तासभर ताटावर बसलं की ‘अजून थोडं’ सुरूच राहतं. पोट भरल्याचं कळायला वेळ मिळणं वेगळं आणि कळल्यावर हात आखडता घेणं वेगळं.

उगाचच
पकडलंत. टीव्ही आहेच.

जठराग्नी
आणि वेग बराचसा अन्नच ठरवतं. २०१९ मध्ये अमेरिकेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं, हवं तेवढं खा म्हणून. पहिल्या प्रकारात ते रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते, आणि खाण्याचा वेगही जास्त होता. मऊ, न चावता उतरणारं अन्न हळू खायचं म्हणजे स्वतःशी कुस्ती. ज्याला दात लावावे लागतात असं काहीतरी डब्यात असू द्या, आणि घास लहान घ्या.

घाईची_गाडी
घास लहान यावरून एक लक्षात आलं. पक्षाघाताच्या पेशंटला भरवताना आमची पद्धत ठरलेली असते. ताठ बसवायचं, लहान चमचा, अर्धाच भरलेला. तो तोंडात गेला की नजर त्याच्या गळ्यावर. कंठ वर जाऊन खाली आला म्हणजे गिळलं. मग तोंड उघडायला सांगून गालात काही साठलंय का बघायचं, आणि तेव्हाच पुढचा चमचा. कितीही धावपळ असो, यात घाई नाही, ठसका लागला तर अन्न फुफ्फुसात जायचं. नातेवाईक मात्र हमखास आधीचा घास तोंडात असतानाच पुढचा चमचा ओठांशी नेऊन धरतात. त्यांना मी रोज टोकते.

माझं जेवण नेमकं तसंच चालतं की! तोंडात एक आणि हातात दुसरा तयार. आता तोंड रिकामं होईपर्यंत हात खाली, एवढंच करतेय. मोजायला काही नाही, म्हणून जमतंय. पहिले चार-पाच घास मात्र आवरत नाहीत, कारण डब्यापर्यंत पोचेस्तोवर पोटात कावळे कोकलत असतात.

अर्धविराम
मग इतकी भूक चढूच देऊ नका. ड्यूटीत मध्ये एखादं फळ तोंडात टाका.

घाईची_गाडी
इन्चार्ज सिस्टर दिसल्या नाहीत तर टाकते :)
आणखी एक, रात्रपाळीला मी बऱ्याचदा सूपवर भागवते. ते पेल्याने पिऊ की चमच्याने?

जठराग्नी
चमच्याने. लहान.