पासवर्डवाली प्रायव्हेट की पायथनमधी उघडून नाही राहिली

राजेहो, गावच्या जिनिंगच्या बिलाचं सॉफ्टवेअर मी पाहतो, प्रायव्हेट की (गुप्त चाबीची फाइल) पासवर्ड टाकून ठेवली, ओपनएसएसएल या चाब्या हाताळाच्या प्रोग्राममधी हातानं टाकला का उघडते अन् पायथननं तोच पासवर्ड फाइलीतून वाचला तं चुकीचा म्हणते. काऊन?

— भाऊ, पासवर्डच्या शेवटी नवी ओळ चिकटली असन. स्ट्रिप मारून ते काढ, मंग एनकोड करून (अक्षरायचे बाइट्स बनवून) दे. माही अख्खी रात्र गेली होती यातच.

— कीची पहिली ओळ बी पाय. बिगिन आरएसए प्रायव्हेट की अन् खाली प्रॉक-टाइप असन तं जुना प्रकार हाये, त्यात पासवर्डापासून कुलपाची चाबी बनवाले एमडी५ हे जुनं हॅशचं गणित एकच फेरा मारते, फोडाले सोपं. पीकेसीएस८ या नव्या प्रकारात बदल, पण तिथंही ओपनएसएसएल आपल्या मनानं २०४८च फेरे मारते, आयटर (फेरे सांगाचा पर्याय) लावून ६ लाख कर.

— उघडली भाऊ! पासवर्डची फाइल कोडच्याच फोल्डरात हाये, चालते ना?

— नाही ना बापा, कुलूप लावून चाबी कडीलेच टांगली तू. बाहेर ठेव, परमिशन ६०० दे, म्हंजे फाइलीच्या मालकालेच वाचता-लिहिता येईन.