मदत हवी आहे: मुलाच्या बद्धकोष्ठतेवर औषध चालू आहे, पण घर आणि शाळा कशी सांभाळायची?

रानजाई:

विषय शी-शूचा आहे. जेवत असाल तर नंतर वाचा.

लेक आठ वर्षांचा, तिसरीत. गेल्या वर्षापासून चार-पाच दिवसांनी एकदा शीला जायचा, तेही रडून-कुंथून, आणि इतकी मोठी व्हायची की एकदा कमोड तुंबला. मग चड्डीला डाग दिसायला लागले. घरात सगळ्यांचं म्हणणं, नीट धूत नाही, खेळाच्या नादात असतो. पुढे पातळ गळायला लागलं तेव्हा शेजारच्या काकूंनी डाळिंबाची साल उगाळून द्यायला सांगितलं, कारण सगळ्यांना ते जुलाबच वाटले.

बालरोगतज्ज्ञांनी पोट दाबून पाहिलं तर बेंबीच्या खाली डावीकडे गोळा हाताला लागत होता. म्हणाले, आत खडा बसलाय आणि वरची पातळ शी त्याच्या कडेने झिरपतेय. आतड्याचा शेवटचा भाग ताणून सैल झालाय, त्यामुळे शी लागलेली त्याला कळतच नाही. तो मुद्दाम करत नाही. हे वाक्य त्यांनी त्याच्यासमोर म्हटलं, तेव्हा पोरगं इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मान वर करून बघत होतं.

पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर दिली. सुरुवातीचे काही दिवस मोठा डोस, साफ होईपर्यंत. ते दिवस कसे गेले ते विचारू नका, शाळेला सुट्टीच घेतली होती. आता रोज कमी डोस चालू आहे आणि जवळपास रोज मऊ होते. म्हणजे औषध लागू पडलंय. अडचण पुढेच आहे.

सासूबाई म्हणतात रोज पावडर दिली तर आतड्यांना सवय लागेल, त्यापेक्षा महिन्यातून एकदा एरंडेल द्या, आमची पाच मुलं त्यावरच वाढली. नवरा म्हणतो, होतेय ना रोज, मग बंद कर. डॉक्टर म्हणतात काही महिने चालू ठेवा, पण 'काही' म्हणजे किती? दुसरं, शाळा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत असा शासनाचा आदेश 2024 मध्ये निघाला, पण आमची शाळा अजून सकाळचीच आहे. पावणेसातला रिक्षा येते. शाळेच्या संडासाला कडी नाही, मुलं दार ढकलतात, म्हणून हा घरी येईपर्यंत दाबून ठेवतो. पाणीसुद्धा पीत नाही, कारण मग शूला जावं लागेल. आणि संध्याकाळी बसवायचं म्हटलं की रोजचं महाभारत.

एक राहिलंच. दीड वर्ष बंद झालेलं अंथरुण ओलं करणं परत सुरू झालंय. याचा त्याच्याशी संबंध असेल का? ज्यांनी हे घरात निभावलंय त्यांनी सांगा. 'भाज्या खायला घाला' एवढंच लिहिणार असाल तर नका लिहू, भाज्या खातो.

शेंगदाणा:

भाज्या लिहिणारच होतो, थांबलो. :)

आमची मुलगी यातून गेली आहे, आता सहावीत आहे. सवयीबद्दल आमच्या डॉक्टरांनी सांगितलं ते असं: ही पावडर रक्तात जवळजवळ जातच नाही, ती आतड्यात पाणी धरून ठेवते आणि शी मऊ राहते. आतड्याला हाकायचं काम ती करत नाही. उलट आतडं ताणलेलं राहिलं तरच ते कामातून जातं. मऊ शी रोज बाहेर पडत राहिली की ते हळूहळू मूळ आकारावर येतं आणि लागल्याची जाणीव परत येते. याला वेळ लागतो, म्हणून महिने. एरंडेलाने पोटात कळा येतात, पोर अजून घाबरतं आणि अजून दाबून ठेवतं. दुखतं म्हणून दाबायचं, दाबलं म्हणून कडक, कडक म्हणून दुखतं. हे चक्र मोडायलाच तर औषध आहे.

साबणाची वडीही कोणी सुचवेल. अजिबात नको, आतली त्वचा भाजते.

तिरफळ:

मी बालरोग विभागात नर्स होते, आता निवृत्त. डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा, पण 'काही महिने' म्हणजे काय ते सांगते. युरोप आणि अमेरिकेतल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी 2014 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात रोजचा डोस किमान दोन महिने, आणि सगळी लक्षणं जाऊन किमान एक महिना झाल्यावरच हळूहळू कमी करा, असं आहे. हे किमान झालं. वर्षभर त्रास असलेल्या मुलाला प्रत्यक्षात सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. 'होतेय ना रोज' हे औषधामुळे होतंय, तेव्हा यजमानांना म्हणावं जरा दम धरा. एकदम बंद केलं की खडा परत बसतो आणि पहिल्यापासून सगळं करावं लागतं.

पातळ झाली तरी बंद नाही, डोस कमी. किती कमी-जास्त करायची मुभा आहे ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. त्यांच्याकडे वेळ कमी असतो ना, मग वही न्या: तारीख, झाली की नाही, कशी झाली, चड्डी खराब झाली का. 'कशी'साठी ब्रिस्टल तक्ता वापरतात, 1 ते 7 प्रकार. 1 म्हणजे सुट्या कडक गोळ्या, 7 म्हणजे पाणी, आपल्याला 4 च्या आसपास हवी. मुलालाच आकडा लिहू द्या. आठ वर्षांच्या पोरांना यात भलतीच गंमत वाटते.

अंथरुणाचा संबंध आहे. भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं. पोट साफ राहायला लागलं की बऱ्याच मुलांचं ते आपोआप थांबतं. थांबलं नाही किंवा लघवी करताना जळजळ असेल तर लघवी तपासून घ्या.

आणि ताप, हिरव्या उलट्या, पोट फुगणं, वजन घटणं, पायात अशक्तपणा, शीतून बरंच रक्त, यातलं काही दिसलं तर धाग्यावर विचारत बसू नका, दाखवा. जन्मल्यावर पहिली काळी शी दोन दिवसांच्या आत झाली होती का, हेही डॉक्टरांना सांगून ठेवा.

वसूची आई:

संध्याकाळच्या महाभारतावर आमचा तोडगा. 'जा, शीला बस' म्हणणं आम्ही बंदच केलं. जेवण झालं की पंधरा-वीस मिनिटांनी बसायचं, शी लागो न लागो, पाच ते दहा मिनिटं. पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हलायला लागतं, त्याचा फायदा घ्यायचा. कमोडवर पाय लोंबकळत असतील तर जोर लागत नाही, म्हणून जेवायचा जुना पाट दोन विटांवर ठेवला, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. आणि हातात जत्रेतली पिपाणी. फुंकताना पोटाला जो जोर लागतो तोच हवा असतो, कुंथायला सांगावंच लागत नाही. खालच्या मजल्यावरचे एकदा विचारायला आले होते, रोज रात्री साडेआठला कोणाची वरात निघते म्हणून.

बक्षीस बसण्याचं द्यायचं, शी होण्याचं नाही. होणं त्याच्या हातात नसतं. चड्डी खराब झाली तर काही न बोलता बदलायची, आजीने सुद्धा. हे मला सर्वांत जड गेलं, पण फरक त्यानेच पडला.

पाववाला:

शाळेचं बोलतो, मी शिक्षक आहे. वर्गात सगळ्यांसमोर विचारायला लावू नका. वर्गशिक्षिकेला एकटं भेटा, डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी द्या: वैद्यकीय कारणाने न विचारता शौचालयात जाऊ द्यावे, पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी. दप्तरात एक जादा चड्डी आणि पिशवी. मुलगे-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं शिक्षण हक्क कायद्यातच आहेत, पण कडीचं भांडण मुख्याध्यापकांशी करण्यापेक्षा पालकसभेत मांडा. चार पालक एकत्र बोलले की कडी पंधरा दिवसांत बसते. तोवर शिक्षकांचं स्वच्छतागृह वापरू द्या अशी विनंती करा, बहुतेक ठिकाणी ऐकतात.

शेंगदाणा:

आणि हो, पावडर आधी साध्या पाण्यात पूर्ण विरघळवा, मग कोकम किंवा लिंबू सरबतात घाला. क्षार असलेली पावडर खारट लागते, बिनक्षाराचीही मिळते, डॉक्टरांना विचारून बदलता येईल. दूध किती पितो? आमचं कार्टं जेवणाऐवजी दूधच ढोसायचं. अर्ध्या लिटरच्या आत आणलं.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. 2014 ची ती ओळ नवऱ्याला वाचून दाखवली, सध्या तह झालाय. सासूबाईंना मी काही समजावलं नाही, पुढच्या वेळी दवाखान्यात त्यांनाच बरोबर नेणार आहे. डॉक्टरांचं ऐकतात त्या. वहीत आकडे लिहायचं काम लेकाने लगेच ताब्यात घेतलं, काल स्वतःहून 'आज साडेतीन' असं जाहीर केलं.

आता एकच. गणपतीला आठवडाभर गावी जायचंय. तिथे जुना, उकिडवं बसायचा संडास आहे आणि घरात वीस माणसं. तेवढे दिवस पावडर बंद ठेवली तर चालेल का?

तिरफळ:

नको, तेवढ्यात परत साठतं. उकिडवं बसायला मिळतंय ते उत्तमच, पाट न्यायला नको. फक्त वीस माणसांत त्याचा नंबर जेवणानंतर लागेल असं बघा. पावडर इथूनच पुरेशी घेऊन जा, गावच्या मेडिकलात तीच मिळेल याचा भरवसा नाही.