ठाण्याच्या खासदाराने म्यानमारबद्दल विचारावं का?

नौपाडा नाना

सोसायटीच्या ग्रुपवर कालपासून एक पोस्ट फिरतेय. सार असं: "म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली, तिथे लोक मरतायत, हे विचारायला आपण खासदार दिल्लीला पाठवत नाही. ठाण्याच्या खासदाराने ठाण्याचं बघावं, बाहेरचं बघायला परराष्ट्रमंत्री आहेत." खाली अंगठ्यांची रांग. एरवी सोडून दिलं असतं, पण अंगठे देणाऱ्यांत वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, म्हणून लिहितोय.

परराष्ट्र व्यवहार संघसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या केंद्राच्या विषयांच्या यादीत आहेत, नोंद १०. तह-करार नोंद १४. म्हणजे महापालिका नाही, विधानसभा नाही, विषय संसदेचाच. त्यातही करार करताना आपल्याकडे सरकारला संसदेला विचारावं लागत नाही. करारापायी कायदा करायची वेळ आली तरच प्रकरण सभागृहात येतं. खासदाराच्या हातात उरतो तो प्रश्न. तोही त्याने विचारायचा नाही?

आता विचारायचा कसा. "म्यानमारचे लष्कर अत्याचार करीत आहे, हे खरे आहे काय?" असं लिहून दिलं तर लोकसभा सचिवालयातच निकाल लागतो. नियम ४१ प्रमाणे मित्रदेशाचा अनादर होईल असा उल्लेख प्रश्नात चालत नाही. म्हणून तिकडच्या लष्कराला सोडून आपल्या सरकारला धरायचं: १८ जून २०२१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत म्यानमारवरच्या ठरावावर भारत तटस्थ का राहिला? १ फेब्रुवारी २०२१ नंतर तिकडे गेलेली मदत वर्षवार, प्रकल्पवार सांगा. दीडशे शब्दांत बसवायचं, निदान पंधरा दिवस आधी द्यायचं. परराष्ट्र खात्याचा लोकसभेतला वार शुक्रवार. मोघम विचारलंत तर "सरकार परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहे" हे तयार उत्तर पदरात पडतं. आकडा मागितला की फाइल उघडावी लागते. आणि मंत्री "माहिती गोळा करत आहोत, सभागृहासमोर ठेवू" म्हणाले की ते आश्वासन ठरतं. मग तीन महिन्यांची मुदत, आणि आश्वासन समिती मागे.

याला उठाठेव म्हणत असाल तर खासदाराचं काम काय, ते तरी सांगा.

घोडबंदर त्रस्त

सांगतो. घोडबंदर रस्त्यावरचा गायमुख घाट. रोजची कोंडी.

नाना, व्यासंगाला नमस्कार, पण त्या दीडशे शब्दांनी तिकडच्या एका तरी जनरलने गणवेश उतरवला का? आणि १३ जुलै २०२३ विसरलात वाटतं. युरोपियन संसदेने मणिपूरवर ठराव केला, तेव्हा "आमचा अंतर्गत प्रश्न" म्हणून सगळा देश उसळला होता. परराष्ट्र खात्याने त्याला वसाहतवादी मानसिकता म्हटलं. त्यांनी केलं की नाक खुपसणं आणि आपल्या खासदाराने केलं की लोकशाहीचं रक्षण?

कलमबहाद्दर

गायमुखचा रस्ता खासदाराच्या अखत्यारीत नाही. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, त्यात घाट रुंद होत नाही. जे त्याच्या हातात नाही त्यासाठी त्याला धरताय आणि जे आहे ते करू नको म्हणताय. असो.

मणिपूरचा ठराव बंधनकारक नव्हता. युरोपियन संसदेत अधिवेशनात गुरुवारी असे तातडीचे ठराव होतातच. त्यावरून कायदेमंडळाची ताकद मोजू नका. ताकद दिसते ती पैशाला हात घातल्यावर. १९८६ चा अमेरिकेचा वर्णभेदविरोधी कायदा घ्या. राष्ट्राध्यक्ष रेगनने नकाराधिकार वापरला, दोन्ही सभागृहांनी तो झुगारला आणि दक्षिण आफ्रिकेत नवी गुंतवणूक बंद, तिथला कोळसा, पोलाद, युरेनियम बंद, थेट विमानं बंद. १९७४ ची जॅक्सन-व्हॅनिक दुरुस्ती, तीही अमेरिकेचीच: नागरिकांना देश सोडू देत नाही? मग व्यापारातली सवलत नाही. दोन्ही ठिकाणी भाषणाने काही झालं नाही, अटीने झालं.

आणि नाना, तुम्ही प्रश्नोत्तराच्या तासाला नको तेवढा भाव देता. यादीत २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे प्रश्न, तास एकच. बहुतेकांचा नंबरच लागत नाही. परराष्ट्र खात्याच्या अनुदानाच्या मागण्या आधी स्थायी समितीकडे जातात. ३१ खासदार, बंद दरवाजा, समोर खात्याचे सचिव. कोणत्या देशाला किती मदत, ती कोणत्या अटीवर, हे तिथे निघतं आणि शिफारशीवर काय केलं ते सरकारला लेखी द्यावं लागतं. सभागृहात धोरणच मान्य नसेल तर मागणी १ रुपयावर आणायची कपात सूचना असते, गाऱ्हाणं मांडायचं असेल तर १०० रुपयांची. बहुतेक मागण्या गिलोटिनमध्ये, म्हणजे वेळ संपला म्हणून एकगठ्ठा मताला टाकून, चर्चेविना जातात हा भाग वेगळा.

नौपाडा नाना

३१ मार्च १९७१. पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव, दोन्ही सभागृहांत. आपल्या संसदेनेही हे केलेलं आहे, एवढंच.

घोडबंदर त्रस्त

तो मांडला पंतप्रधानांनी. सरकारी ठराव. सुट्या खासदाराचा त्यात संबंध हात वर करण्यापुरता. दुसरं उदाहरण द्या.

कलमबहाद्दर

देतो. श्रीलंका. १९ मार्च २०१३ ला द्रमुकने केंद्रातला पाठिंबा काढला, २१ ला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत भारताने श्रीलंकेविरुद्धच्या ठरावाला मत दिलं. तमिळनाडू विधानसभेनेही २०११ आणि २०१३ मध्ये ठराव केले. विषय राज्याच्या कक्षेत नसताना.

घोडबंदर त्रस्त

२०१२ मध्येही भारताने बाजूनेच मत दिलं होतं, तेव्हा द्रमुक सरकारातच होता. आणि २०१४ ला तटस्थ. म्हणजे चेन्नईच्या मतपेटीवर हलणारा मानवाधिकार. चला, खासदार धोरण हलवू शकतो हे मान्य. हलवतो कशासाठी, ते तुम्हीच लिहून टाकलंत.

दर्यावर्दी

म्यानमार, श्रीलंका, अमेरिका झालं असेल तर जरा बेलापूरला या. ठाणे लोकसभेत ऐरोली आणि बेलापूर येतात, विसरला असाल तर. इथून किती पोरं जहाजावर जातात आणि त्यातली किती शारजाबाहेर नांगर टाकलेल्या गंजक्या बोटीत अडकतात, यावर एक ओळ नाही. २०२४ मध्ये मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत सगळ्यात जास्त भारतीय होते. परदेशातला मानवाधिकार म्हणतात तो हाच.

कायदा कागदावर उत्तम आहे. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार भारताने २०१५ मध्ये मान्य केला. १८ जानेवारी २०१७ पासून त्यात आर्थिक हमी आली. दोन महिने पगार नाही, किंवा अन्न-पाणी-इंधन नाही, किंवा घरी पाठवत नाहीत, यातलं काहीही झालं की खलाशी 'सोडून दिलेला' ठरतो. मग विमा कंपनीने चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि परतीचा खर्च द्यायचा. त्या विम्याचं प्रमाणपत्र जहाजावर सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असलं पाहिजे. जहाजावर चढल्या दिवशी त्याचा फोटो काढून घरी पाठवायचा. त्यावर कंपनीचं नाव, संपर्क आणि मुदत असते, आणि मुदत संपलेली निघाली तर तेव्हाच कळतं.

बिघडतं कुठे? विनापरवाना एजंट टुरिस्ट व्हिसावर पोराला दुबईला पाठवतो आणि तिथून बोटीवर चढवतो. परवानाधारक भरती कंपनी मध्ये नसली की डीजी शिपिंगला (केंद्राच्या जहाज महासंचालनालयाला) तिची बँक गॅरंटी वापरता येत नाही, कारण गॅरंटीच नाही. बोटीचा झेंडा भलत्याच देशाचा, कधी तो देशही म्हणतो ही बोट आमच्या नोंदीत नाही. पोराला उतरायचं तर बंदर सोडत नाही, कारण बोटीवर किमान माणसं लागतात. मग "सगळा पगार मिळाला" या कागदावर सही घेऊन तिकीट देतात. ती सही केली की दावा संपला.

खाडीकाठची

दर्यावर्दी, एक महत्त्वाचं राहिलं. सीडीसी (खलाशाची सरकारी नोंदवही) असलेल्याला एमिग्रेशन चेकमधून, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधीच्या सरकारी तपासणीतून सूट असते. आखातात जाणाऱ्या गवंड्याची निदान ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंद असते, करार असतो, एजंटाच्या फीला ३० हजार अधिक जीएसटी अशी मर्यादा असते, १० लाखांचा विमा असतो. खलाशी त्या जाळीतून वरच्या वर निसटतो. मुंब्र्यातल्या मजुरापेक्षा नेरूळचा शिकलेला कॅडेट जास्त उघडा पडतो, तो असा.

घोडबंदर त्रस्त

मुंब्रा कल्याण लोकसभेत. आणि माफ करा, पण लाखांनी पैसे मोजून टुरिस्ट व्हिसावर बोटीवर जाणाऱ्याला अक्कल नको? परवाना क्रमांक डीजी शिपिंगच्या साइटवर तपासता येतो. नाहीतर त्यांचं ऑफिस कांजूरमार्गला, ठाण्याहून चौथं स्टेशन, जाऊन विचारा. प्रत्येकाच्या मूर्खपणाला मानवाधिकार म्हणायला लागलो तर संपलंच.

दर्यावर्दी

खलाशाकडून नोकरीचे पैसे घेणंच सागरी कामगार करारात बंद आहे. पासपोर्ट, मेडिकल आणि सीडीसी एवढाच खर्च त्याचा. म्हणजे गुन्हा घेणाऱ्याचा, आणि अक्कल काढताय देणाऱ्याची! घाटात खड्ड्यात पडलेल्या स्कूटरवाल्याला विचारता का, बघून चालवता येत नाही का म्हणून?

घोडबंदर त्रस्त

घाटावर येऊ नका.

खाडीकाठची

भांडा नंतर. खासदाराने यात नेमकं काय करायचं? दूतावासाला पत्र तर सगळेच पाठवतात.

दर्यावर्दी

पत्राने एक पोरगा सुटतो, तोही ओळख असेल तर. आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) यांची सोडून दिलेल्या जहाजांची एक सामाईक यादी आहे. तिथे नोंद झाली की झेंड्याच्या देशाला आणि बंदराच्या देशाला विचारणा होते. नोंद सरकार करू शकतं, कामगार संघटना करू शकतात. भारत सरकारने स्वतःहून किती केल्या, तक्रार आल्यापासून किती दिवसांनी, हे विचारा.

घोडबंदर त्रस्त

हा प्रश्न मला चालेल. यात कोणाला लोकशाही शिकवायची नाहीये.

नौपाडा नाना

म्हणजे परदेशातल्या माणसाचा हक्क तो आपला असेल तरच. ठीक आहे, तेवढ्यावर तरी या. मसुदा करतो: (क) गेल्या पाच वर्षांत परदेशी बंदरांत सोडून दिलेल्या जहाजांवरील भारतीय खलाशांची देशवार संख्या, (ख) त्यांपैकी किती प्रकरणे भारत सरकारने आयएलओ-आयएमओच्या यादीत नोंदवली, (ग) विनापरवाना एजंटांवर दाखल गुन्हे व दोषसिद्धी, (घ) दूतावासांनी परतीसाठी केलेला खर्च.

कलमबहाद्दर

परत येईल. नोटीस एका मंत्र्याच्या नावे असते. (ख) आणि (ग) जहाज मंत्रालयाचे, (घ) परराष्ट्र खात्याचा, (क) वर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतील. दोन नोटिसा करा, (क) दोन्हींत घाला. आकडे जुळले नाहीत तर पुढच्या अधिवेशनाचा प्रश्न तोच. आणि गुन्हे राज्याचे पोलीस दाखल करतात, म्हणजे (ग) वर "पोलीस हा राज्याचा विषय आहे" एवढंच येईल. तिथे किती एजंटांची नावं राज्यांना कळवली, ते विचारा.