मदत हवी आहे : 'देव नाही हे सिद्ध करून दाखव' याला नेमकं काय उत्तर द्यावं?

दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. मी नास्तिक, मोठेबाबा वारकरी. जेवणं झाली की ओट्यावर वाद रंगतो. भांडण नाही, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

या हंगामात पेरणीनंतर पावसानं दडी मारली. पोरांनी काठीला बेडूक बांधून, कडुलिंबाचा पाला गुंडाळून पाऊस मागायला धोंडी काढली. चौथ्या दिवशी पाऊस आला. मोठेबाबा म्हणाले, "आता सांग तुह्या विज्ञानाले!"

मी विचारलं, धोंडी काढूनही कोरडं गेलं असं किती वेळा झालं? ते कोणीच मोजलेलं नाही. अमेरिकेत 2006 साली प्रसिद्ध झालेला, हृदयशस्त्रक्रियेच्या सुमारे 1800 रुग्णांवरचा प्रार्थनेचा प्रयोगही सांगितला; प्रार्थनेनं गुंतागुंत कमी झाली नव्हती. तर म्हणे, "देवाची परीक्षा घेतली तं तो कायले येईन?" इथं मी अडकलो. विश्वाची सुरुवात म्हणून महास्फोट (बिग बँग) सांगितला, तर "त्याच्या पह्यले काय होतं?" शिवाय तो सिद्धांत मांडणारा शास्त्रज्ञ लमेत्र पाद्रीच होता, हे पुतणीनं मोबाईलवरून वाचून दाखवलं. ते खरंच आहे.

गाडगेबाबांचे दाखले देऊ नका, ते मोठेबाबांना माझ्याहून जास्त पाठ आहेत. आणि गाडगेबाबा कर्मकांडाविरुद्ध बोलले, देवाविरुद्ध नाही. जाड पुस्तकंही नकोत, त्यांना मोतीबिंदू आहे.

दोनच गोष्टी सांगा. परीक्षाच घेता येत नाही अशा दाव्याबद्दल विज्ञान प्रामाणिकपणे किती बोलू शकतं? आणि आमच्या महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदी मिळाल्या, तर धोंडीची तपासणी मोठेबाबांनाही मान्य होईल अशी कशी मांडावी?