मामांनी सिडनीहून आणलेलं बॉटलब्रशचं जुनं चित्र: हाताने रंगवलेलं आहे का? फ्रेम कशी करू?

नौपाड्याची_मीनल:
मामांच्या सामानात लाल बॉटलब्रशचं एक चित्र मिळालं. कागद लहान वहीच्या पानाएवढा. वर 260 आकडा, तळाशी बारीक इंग्रजी अक्षरांत कर्टिसचं नाव आणि 1794. आमच्या सोसायटीच्या गेटपाशी हेच झाड आहे, त्यामुळे फार जीव जडलाय. फ्रेमवाला म्हणतो, कडा कापून प्लायवर चिकटवू आणि लॅमिनेट करू. करू का?

वाशीचा_कागदवेडा:
मीनलताई, कृपया नको! लॅमिनेट एकदा झालं की परत निघत नाही.

260 म्हणजे इंग्रज वनस्पतितज्ज्ञ विल्यम कर्टिस यांच्या ‘बोटॅनिकल मॅगझिन’मधलं चित्र. 1787 साली सुरू झालेलं हे मासिक. ऑस्ट्रेलियाच्या या बॉटलब्रशला शास्त्रीय नाव पहिल्यांदा इथेच मिळालं, ‘मेट्रोसिडेरॉस सिट्रिना’, म्हणून हा आकडा मला पाठ आहे. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरायच्या, छापायचं आणि मग एकेक प्रत माणसांनी जलरंगांनी रंगवायची. छपाई पुढे बदलली, पण हाताने रंगवणं 1948 पर्यंत चालू होतं.

आता भिंग घ्या आणि लाल केसर, म्हणजे फुलातले बारीक तंतू, बघा. सगळीकडे सारखे रंगीत ठिपके दिसले तर अलीकडची छपाई. खरं असेल तर काळी रेघ सलग असते, लाल रंग कुठे तिच्याबाहेर सरकलेला, कुठे कमी पडलेला. कागद उजेडात तिरका धरा, चित्राभोवती पत्र्याचा दाब उमटलेला दिसेल. बांधणीत पानं छाटायचे, त्यामुळे एखाद्या बाजूला तो नसला तरी घाबरू नका.

घोडबंदर_रोड:
पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर लावू नका. आमच्याकडे एका चित्रावर ओलीने तांबूस डाग पडलेत.

नौपाड्याची_मीनल:
पाहिलं! ठिपके नाहीत. एका पानावर लाल रंग हलकाच सांडलाय. दाब तीन बाजूंनी दिसतो. मधे एक घडीही आहे, ती इस्त्रीने काढू का?

वाशीचा_कागदवेडा:
अजिबात नको, उष्णतेने कागद ठिसूळ होतो. घडी राहू द्या, तीही त्याच्या वयाचीच आहे. फ्रेमवाल्याला सांगा: अॅसिड-फ्री माउंट बोर्ड (चित्रामागचा आम्ल नसलेला पुठ्ठा), गोंद आणि सेलोटेप नाही, चित्र काचेला टेकता कामा नये. काच यूव्ही (अतिनील) किरण अडवणारी मिळाली तर उत्तम. आतल्या भिंतीवर लावा, ऊन येत नाही अशा जागी. आणि काम तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्या.